हमखास डावीकडे येणारी डिस्क कशी निवडावी

गेल्या महिन्यात मेव्हण्याचा डिस्क गोल्फच्या दुकानातून फोन आला. "दाजी, फायरबर्ड घेऊ का? इथला मुलगा म्हणतोय, वाऱ्यात हीच चालते."

मी विचारलं, "तुझी नेहमीची सरळ जाणारी डिस्क किती लांब जाते?"

"जोर लावला तर दोनशे फूट."

"मग आज घेऊ नकोस. रविवारी ये, आधी माझी फेकून बघ."

फोनवर तेवढंच बोलणं झालं. पण हा प्रश्न डिस्क गोल्फ खेळायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या वर्ष-दोन वर्षांत पडतो. भरवशाची म्हणून घेतलेली ओव्हरस्टेबल, म्हणजे हमखास डावीकडे येणारी, डिस्क कित्येकांच्या पिशवीत नुसती पडून राहते. फायरबर्ड ही तसलीच एक. डिस्क चांगलीच असते, पण ती कोणाच्या हातासाठी आहे हे घेताना कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. मांडणी गोल्फचीच, पण चेंडू आणि काठीच्या जागी प्लास्टिकची तबकडी आणि आपला हात. टी-पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या जागेवरून, पहिली फेक, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची, आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये ती जाऊन बसली की ते होल संपलं. ज्याच्या फेकी कमी तो जिंकला. आम्ही खेळतो ते ओक ग्रोव्ह मैदान कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाजवळ, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या शेजारीच आहे. जगातलं पहिलं कायमस्वरूपी डिस्क गोल्फ मैदान ते हेच. एड हेड्रिक यांनी ते १९७५ मध्ये उभं केलं. हेड्रिक फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत होते, आणि फ्रिस्बीच्या पाठीवर बारीक गोल वलयं दिसतात त्यांचं पेटंट त्यांच्याच नावावर आहे. सुरुवातीला इथे नुसते खांब होते, खांबाला डिस्क लागली की काम झालं. पुढे साखळ्यांची बास्केट त्यांनीच बनवली, आणि पीडीजीए ही खेळाडूंची संघटना १९७६ मध्ये त्यांनीच सुरू केली. २००२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवण्यात आल्या. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्या मैदानावरच उभा होतो. तेव्हापासून त्या ओकच्या झाडांखालून जाताना मनात आदर असतो.

त्या काळात लोक साधी फ्रिस्बीच फेकत. १९८३ मध्ये इनोव्हा कंपनीने ईगल नावाची डिस्क आणली, तिची कड बाहेरच्या बाजूला निमुळती केलेली होती. हवा कापत जाणारी डिस्क तिथून सुरू झाली. पुण्या-मुंबईत अल्टिमेट, म्हणजे फ्रिस्बीचा सांघिक खेळ, खेळणाऱ्या मुलांना फरक चटकन कळेल. त्यांची डिस्क १७५ ग्रॅमची आणि साधारण २७ सेंटिमीटर रुंद असते. डिस्क गोल्फचा ड्रायव्हरही १७५ ग्रॅमच्या आसपासच, पण रुंदी फक्त २१ सेंटिमीटर. वजन तेवढंच, आकार लहान, आणि बरंचसं वजन कडेच्या जाड रिममध्ये. हातात घेतली की बशीपेक्षा दातेरी कड घासून काढलेल्या चक्राची आठवण येते.

आता मुख्य गोष्ट. डिस्क वळते का?

उजव्या हाताने बॅकहँड फेकताना, म्हणजे पत्ते वाटताना मनगट जसं बाहेर झटकतं तसं झटकून फेकताना, डिस्क वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते. फिरणाऱ्या वस्तूचा एक विचित्र स्वभाव असतो, तो आपण भोवऱ्यात पाहिलेला आहे. फिरत्या भोवऱ्याला बोटाने ढकललं तर तो ढकललेल्या दिशेला न कलता तिच्या काटकोनात कलतो. डिस्कचंही तसंच. हवा तिचं नाक, म्हणजे पुढची कड, वर उचलायला गेली तर ती डावीकडे कलते. नाक खाली दाबायला गेली तर उजवीकडे कलते. ज्या बाजूला कलेल त्या बाजूला ती सरकत जाते.

हवा नाक कधी दाबते आणि कधी उचलते? डिस्क जोरात चाललेली असते तेव्हा हवेचा उचलणारा जोर तिच्या मध्याच्या जरा मागे पडतो. मागची बाजू उचलली गेली म्हणजे नाक दबलं, आणि डिस्क उजवीकडे कलायला लागली. याला टर्न म्हणतात. वेग ओसरला, डिस्क खाली यायला लागली, की हवा तिला खालून जास्त लागते आणि तो जोर मध्याच्या पुढे सरकतो. नाक वर, कल डावीकडे. हा फेड. म्हणून उजव्या हाताच्या बॅकहँडची प्रत्येक डिस्क शेवटी थोडीफार डावीकडे येतेच. डावखुऱ्यांनी हा सगळा लेख आरशात पाहिल्यासारखा उलटा वाचावा. फोरहँडलाही डिस्क उलट फिरते, त्यामुळे उजव्या हाताची फोरहँड शेवटी उजवीकडे जाते.

काही डिस्कची कड अशी घडवलेली असते की तो जोर मागे असा फारसा जातच नाही. भर वेगातही त्या उजवीकडे वळायला तयार नसतात आणि वेग उतरला रे उतरला की डावीकडे खेचतात. त्या ओव्हरस्टेबल. सहज उजवीकडे कलणाऱ्या आणि डावीकडे उशिरा, थोड्याच येणाऱ्या त्या अंडरस्टेबल.

डिस्कवर छापलेले चार आकडे हेच सांगतात. क्रमाने स्पीड, ग्लाइड, टर्न आणि फेड. फायरबर्डवर ९, ३, ०, ४ असतं. ग्लाइड म्हणजे तरंगण्याची वृत्ती. ती ३, म्हणजे कमी. टर्न ०, म्हणजे उजवीकडे वळणार नाही. फेड ४, म्हणजे शेवटी जोरात डावीकडे. तुलनेसाठी इनोव्हाचीच लेपर्ड घ्या: ६, ५, उणे २, १. ती जास्त तरंगते, उजवीकडे कलते आणि डावीकडे किंचितच परतते. कोणतीही डिस्क विकत घेण्याआधी हे चार आकडे मोठ्याने वाचून तिची वाट हवेत बोटाने काढून बघावी. मी अजूनही काढतो.

पण हे आकडे ज्या त्या कंपनीने आपापल्या अंदाजाने दिलेले असतात. पीडीजीए डिस्कचा व्यास, उंची, रिमची रुंदी, लवचीकपणा असलं मोजते आणि स्पर्धेसाठी मान्यता देते. ती कशी उडेल यावर पीडीजीएचा शिक्का नसतो. त्यामुळे एका कंपनीच्या ३ फेडची दुसऱ्या कंपनीच्या ३ फेडशी काटेकोर तुलना करण्यात अर्थ नाही.

कंट्रोल ड्रायव्हर हे नावही असंच सैल आहे. काही जण त्याला फेअरवे ड्रायव्हर म्हणतात. सर्वांत लांब पळणाऱ्या १२-१३ स्पीडच्या डिस्क आणि हळू जाणाऱ्या मिडरेंज यांच्यामधला, साधारण ७ ते १० स्पीडचा हा गट. यातल्या ओव्हरस्टेबल डिस्क लांबी मिळवण्यासाठी नसतात. त्या आपण ठिकाणासाठी घेतो.

ठिकाणासाठी म्हणजे काय, ते ओक ग्रोव्हवरच दाखवतो. समजा बास्केट डावीकडे ओकच्या मागे दडलेली आहे आणि सरळ वाट बंद आहे. डावी कड खाली झुकवून, म्हणजे हायझर धरून, सरळ डिस्क फेकली तर ती झाडाला वळसा घालायला निघते, पण मध्येच आडवी होऊन तरंगत लांब जाते. ओव्हरस्टेबल डिस्क तो कल सोडत नाही. एकदा झुकवली की झुकलेलीच राहते, आणि वळण कुठे पडेल हे हातातून सुटण्याआधी कळलेलं असतं. उंच, तीव्र हायझर मारली तर ती उभी येऊन जमिनीत रुततेच म्हणा. फार घसरत नाही. बास्केटच्या मागे उतार असेल तर ही फेक जीव वाचवते.

तीच डिस्क सखल मारली तर घसरते, आणि मला या डिस्कचं सर्वांत जास्त वेड लागलं ते इथेच. आपण लहानपणी तळ्याच्या पाण्यावर चपटी खापरी तिरकी मारून टप्पे मोजायचो, तीच ही गोष्ट. डावी कड खाली ठेवून डिस्क जमिनीला सपाटून भिडते, फिरकी तिला पुढे ढकलते आणि ती डावीकडे घसरत, एक-दोन उड्या मारत जाते. हवेतून जिथे पोचणं शक्य नाही अशा, फांद्यांच्या खालच्या जागेत ती जमिनीवरून शिरते. दक्षिण कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात माती तव्यासारखी टणक होते. त्या दिवसांत मी बास्केटच्या वीस-पंचवीस फूट अलीकडची, उजवीकडची जागा नजरेने पक्की करतो आणि डिस्क तिथे आपटतो. पाऊस पडून गेल्यावर हेच केलं तर डिस्क ओल्या गवतात पडल्या जागी बसते. म्हणून घसरत येणारी फेक मारण्याआधी वाकून माती बघावी, बुटाच्या टाचेने दाबून बघावी.

वाऱ्याचं गणित सोपं आहे. डिस्कला जमिनीशी देणंघेणं नसतं, हवेशी असतं. तुम्ही ताशी ५० मैलांनी फेकली आणि समोरून ताशी १० मैलांचा वारा असेल, तर डिस्कच्या दृष्टीने ती ६० मैलांनी चालली आहे. वेग वाढला म्हणजे टर्न वाढला. एरवी सरळ जाणारी डिस्क समोरच्या वाऱ्यात उजवीकडे लोळण घेते ती यामुळे. टर्नला दाद न देणारी डिस्क तिथे हवी. शरद ऋतूपासून इथे सांता आना नावाचे कोरडे वारे वाहतात, तेव्हा माझ्या पिशवीतून सर्वांत जास्त वेळा हीच बाहेर येते. वारा पाठीवर असेल तर उलट. हवेच्या मानाने वेग कमी, त्यामुळे ओव्हरस्टेबल डिस्क लवकर पडते आणि लवकर डावीकडे जाते. तेव्हा ती पिशवीतच ठेवावी. डेन्व्हरसारख्या उंचावरच्या गावी गेलात तर हवा विरळ, तिची पकड कमी, आणि तुमच्या सगळ्याच डिस्क नेहमीपेक्षा ओव्हरस्टेबल वागायला लागतात.

फोरहँडसाठी ही डिस्क बहुतेक जण ठेवतात. फोरहँडला फिरकी कमी पडते, मनगट सुटताना डिस्क डळमळते, हात उलटा फिरून कड झुकते. सरळ डिस्क या चुका मोठ्या करून दाखवते, ओव्हरस्टेबल डिस्क पुष्कळशा पोटात घालते. नेट सेक्स्टन हा खेळाडू फोरहँडसाठी प्रसिद्ध आहे. २०१७ ची यूएसडीजीसी, म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या रॉक हिलला होणारी मानाची स्पर्धा, त्याने जिंकली. त्याच्या नावाची खास फायरबर्ड निघते आणि ती मिळवायला लोक धडपडतात. ते मी समजू शकतो. पण सेक्स्टनच्या हातात जी फायरबर्ड आहे ती तुमच्या हातात आली की वेगळी डिस्क होते, आणि सगळी निवड इथेच अडते.

डिस्कवरचा ९ हा स्पीड तिचा गुण कमी आणि तिची मागणी जास्त आहे. "मला एवढ्या वेगाने फेका, तर पुढचे तीन आकडे खरे करून दाखवीन," असं ती म्हणते. तो वेग मिळाला नाही तर तिच्या लेखी फेकीचा शेवट सुरुवातीलाच झालेला असतो. वेग उतरल्यावर काय होतं हे आपण वर पाहिलं: डावीकडे. म्हणजे हळू हाताला प्रत्येक वेगवान डिस्क ओव्हरस्टेबलच वाटते, आणि जी मुळात ओव्हरस्टेबल आहे ती हातातून सुटताच डावीकडे झेपावते. मेव्हण्याची दोनशे फूट जाणारी फेक फायरबर्डने दीडशेवर डावीकडच्या झुडपात गेली असती. ती नियंत्रणात आहे असं वाटलंही असतं, कारण दर वेळी तिथेच गेली असती. पण डिस्क आधी काही अंतर सरळ चालली पाहिजे आणि मग वळली पाहिजे. सरळ चालण्याचा भागच नसेल तर वळण कुठे टाकायचं हे आपल्या हातात उरत नाही.

म्हणून माझा आडाखा असा. हा कुठल्या पुस्तकातला नाही, बरोबरच्यांना आणि स्वतःला बघून बसवलेला आहे. तुमच्या सरळ जाणाऱ्या डिस्कने तुम्ही सपाट जमिनीवर, वारा नसताना, अंग न ताणता किती लांब जाता ते पावलांनी मोजा. दहांपैकी सर्वांत लांब गेलेली नको, मधली घ्या. अडीचशे फुटांच्या आत असाल तर ओव्हरस्टेबल कंट्रोल ड्रायव्हर अजून घेऊच नका. तुम्हाला हवा तो भरवसा हळू जाणाऱ्या ओव्हरस्टेबल डिस्कमध्ये मिळेल: डिस्क्राफ्टची झोन (४, ३, ०, ३) किंवा इनोव्हाची गेटर (५, २, ०, ३). वाऱ्यात टिकतात, शेवटी डावीकडे येतात, आणि तुमच्या हाताच्या वेगाला आधी थोडं सरळही जातात. अडीचशे ते तीनशेच्या मध्ये असाल तर ७ स्पीडच्या डिस्ककडे बघा. इनोव्हाची बॅन्शी (७, ३, ०, ३) किंवा आजची ईगल (७, ४, उणे १, ३). ९ स्पीडच हवी असेल तर थंडरबर्ड (९, ५, ०, २), तिच्यात ग्लाइड जास्त आणि फेड मवाळ आहे. तीनशेच्या पुढे सहज जात असाल तर मग फायरबर्ड, डिस्क्राफ्टची रॅप्टर (९, ४, ०, ३), कास्टाप्लास्टची स्टोल (९, ४, ०, ३), डायनॅमिक डिस्क्सची फेलन या सगळ्या तुमच्याच आहेत. त्यांतली कुठली, हे बरंचसं हाताला रिम कशी बसते यावर ठरतं. जाड रिमवर बोटं पोचत नसतील तर आकडे कितीही आवडले तरी ती ठेवून द्या.

यात एक मोठी फसगत आहे. तिची मला दोन वर्षं झळ लागली. माझ्या सगळ्याच डिस्क डावीकडे लवकर पडायच्या आणि मला वाटायचं, हात हळू आहे, अंडरस्टेबल डिस्क घेतल्या पाहिजेत. एके दिवशी बरोबरच्या एका वयस्कर खेळाडूने बाजूला उभं राहून मोबाइलवर माझी फेक टिपली आणि हळू वेगात दाखवली. डिस्क हातातून सुटताना तिचं नाक आभाळाकडे होतं. नाक वर म्हणजे हवा खालून लागणार, वेग मरणार, जोर पुढे सरकणार आणि डिस्क वर चढून डावीकडे कोसळणार. वेगाचा त्यात दोष नव्हता. त्याने सांगितलेला उपाय मी माझ्या शब्दांत असा लक्षात ठेवला आहे: तांब्यातून तुळशीला पाणी घालताना मनगट जसं खाली झुकतं, तसं डिस्क धरताना ठेवायचं. महिनाभर फक्त तेवढंच केलं. त्याच डिस्क, तोच हात, आणि फेकी चाळीस-पन्नास फूट लांब गेल्या. तेव्हा डिस्क विकत घेण्याआधी कोणालातरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. तुमची डिस्क वर चढून मग डावीकडे पडत असेल तर तुम्हाला नवी डिस्क नको, मनगट हवं आहे.

आता दुकानात. एकाच नावाच्या, एकाच वजनाच्या दोन फायरबर्ड वेगळ्या उडू शकतात, कारण साच्यातून निघून थंड होताना प्लास्टिक सारखं आक्रसत नाही. म्हणून चार-पाच काढून समोर मांडा. एकेक डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा. रिमच्या बाहेरच्या अंगाला साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक बारीक रेघ असते. ती रेघ टेबलापासून जितकी उंच, तितकी डिस्क ओव्हरस्टेबल. दोन डिस्क शेजारी शेजारी सपाट टेबलावर ठेवल्या की एखाद्या मिलिमीटरचाही फरक दिसतो. मग पाठ बघा. फुगीर पाठीची डिस्क जास्त तरंगते, सपाट पाठीची लवकर खाली बसते आणि हायझर नेमकी धरते. माझा कल सपाट पाठीकडे आहे, कारण या डिस्ककडून मला तरंगणं नकोच असतं. काही डिस्कच्या रिमच्या तळाशी बोटाला लागणारी एक बारीक कंगोऱ्यासारखी वळी असते. तीही डिस्कला ओव्हरस्टेबल करते. फोरहँड जास्त मारणाऱ्यांनी ती वळी बोटाला टोचते का हे बघून घ्यावं.

वजनाबद्दल थोडंच. नियमाने व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही, म्हणून २१.१-२१.२ सेंटिमीटरचे ड्रायव्हर १७५-१७६ च्या वर जात नाहीत. वाऱ्यासाठी घेताय तर १७० ते १७५ मध्ये घ्या. हात हळू असेल तर १६५ च्या आसपासची घेतली तरी बिघडत नाही.

प्लास्टिकवर मात्र पैसे वाचवू नका. इनोव्हाच्या भाषेत डीएक्स हे सर्वांत स्वस्त आणि मऊ, चॅम्पियन हे कडक आणि टिकाऊ, स्टार त्यांच्या मधलं, पकडीला बरं. इतर कंपन्यांचीही अशीच उतरंड आहे, नावं वेगळी. झाडावर आणि दगडावर आपटून कड झिजते, ती रेघ खाली बसते, आणि डिस्कचा ओव्हरस्टेबलपणा हळूहळू जातो. सरळ डिस्कला हे पुष्कळदा मानवतं. पण ही डिस्क आपण हमखास डावीकडे येण्यासाठी घेतो, आणि डीएक्समध्ये ती हमी ओकच्या आठ-दहा बुंध्यांत संपते. चॅम्पियनमधली वर्षानुवर्षं टिकते. माझी एक फायरबर्ड इतकी जुनी आहे की तिच्या पाठीवरचं चित्र पूर्ण पुसलं गेलं आहे. ती आता थंडरबर्डसारखी उडते: आधी लांब सरळ, मग सावकाश डावीकडे. तिच्याच शेजारी पिशवीत एक नवी, करकरीत आहे. एकच साचा, दोन वयं, दोन वेगळ्या फेकी. पकड तीच असल्यामुळे हाताला काही नवं शिकावं लागत नाही.

घरी आणल्यावर ती लगेच मैदानात नेऊन बास्केटवर मारू नका. रिकाम्या पटांगणात एखादं झाड किंवा खांब समोर ठेवून दहा वेळा सपाट, साठ-सत्तर टक्के जोराने फेका. कुठे पडते यापेक्षा कुठून वळायला लागते हे बघा. ती जागा दर वेळी पाच-सात पावलांच्या आत येते का? आणि त्या जागेपर्यंत ती खरोखर सरळ गेली का? दोन्ही होत असेल तर डिस्क तुमची आहे. मग उजवी कड खाली झुकवून फेका. ही ॲनहायझर. चांगली ओव्हरस्टेबल डिस्क उजवीकडे निघते, मध्येच सपाट होते आणि डावीकडे परत येते, नागमोडी. याला फ्लेक्स म्हणतात. हळू हाताला ही फेक सहसा जमत नाही, कारण डिस्क उजवीकडे जायच्या आतच परत फिरते. ती जमायला लागली की हात आणि डिस्क एकमेकांना जुळले असं मी धरतो.

रविवारी मेव्हणा सकाळीच आला. ओक ग्रोव्हच्या झाडांखाली धुळीत आधीच्या फेकींच्या घसरल्याच्या रेघा दिसत होत्या, त्या मी त्याला दाखवल्या: टप्पा कुठे पडला, वळसा कुठून घेतला. मग माझी नवी फायरबर्ड त्याच्या हातात दिली. फेकली. हातातून सुटली तशी डावीकडे वळली आणि वीसेक पावलांवरच्या झाडाच्या मुळाला लागली. दुसरी, तिसरी, तशीच. तो म्हणाला, "दाजी, ही तर सरळ जातच नाही."

मी त्याला झोन दिली. पहिली उंच गेली, नाक वर होतं. तांब्याचं सांगितलं. दुसऱ्या फेकीला ती दीडशे फुटांपर्यंत रुळावरून चालल्यासारखी गेली, तिथून डावीकडे वळली आणि धुळीत घसरत झाडामागे दिसेनाशी झाली. तो धावत गेला. डिस्क बास्केटपासून चार पावलांवर होती. तिथूनच त्याने ओरडून विचारलं, "आणि फायरबर्ड कधी घेऊ?"

"हीच झोन सव्वादोनशेला टाकायला लागलास की बॅन्शी घे. फायरबर्ड त्यानंतर."

दुपारी आम्ही दोघं दुकानात गेलो. त्याने चार झोन काउंटरवर मांडल्या, गुडघ्यावर बसून डोळे टेबलाच्या पातळीला आणले आणि रेघा बघत बसला. घेतलेल्या डिस्कच्या पोटावर मार्करने स्वतःचा फोन नंबर घातला, हरवली तर कोणी कळवील म्हणून.